काश्मिरी मिरचीपूड नाही, मग भाजीला रंग कशानं आणायचा?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बार्शीला राहता. घरात सात वर्षांचा मुलगा आहे आणि पित्ताचा त्रास असलेले सासरे आहेत. पनीर मखनीच्या कृतीत 'काश्मिरी मिरचीपूड २ चमचे' असं होतं. ती मिळाली नाही म्हणून तुम्ही घरचं लाल तिखट तेवढंच घातलं आणि भाजी कुणालाच खाता आली नाही. पुढच्या वेळी अर्धाच चमचा घातलं, तर भाजी पिवळट आणि फिकी झाली. न्यू जर्सीतल्या तुमच्या बहिणीचीही तीच अडचण आहे, आणि तिकडे मिळणारी पाप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) चालेल का असं ती विचारते.

मी ठाण्यात गेली २२ वर्षं घरगुती मसाले करून देते आणि पन्नास-साठ पानांच्या ऑर्डरीही घेते. लहान मुलं आणि वयस्कर माणसं असलेली घरंच माझी मुख्य गिऱ्हाइकं आहेत, त्यामुळे रंग हवा पण झोंबायला नको ही मागणी मला रोजची.

तुमच्यासाठी उत्तर सरळ आहे: बेडगी मिरची आणा, तिच्या बिया आणि आतल्या शिरा काढा आणि घरीच पूड करा. बार्शीत उन्हाळी मसाल्याचं सामान ठेवणाऱ्या कुठल्याही दुकानात बेडगी मिळेल. तिची पूड काश्मिरीच्या जागी मापाला माप घाला.

यामागचं कारण एकदा समजून घेतलंत, तर पुढे प्रत्येक पर्यायाबद्दल मला विचारावं लागणार नाही. मिरचीचा रंग तिच्या सालीत असतो. तिखटपणा असतो तो आत, देठापासून खाली उतरणाऱ्या पांढरट शिरांमध्ये. बियांना त्या शिरा चिकटलेल्या असतात म्हणून बिया तिखट लागतात, मूळ तिखटपणा त्यांचा नव्हे. लाल रंग देणारं द्रव्य कॅप्सँथिन आणि झोंबणारं द्रव्य कॅप्सेसिन. ही दोन वेगळी द्रव्यं आहेत आणि प्रत्येक जातीच्या मिरचीत त्यांचं प्रमाण वेगळं असतं. म्हणजे गडद लाल मिरची तिखट असेलच असं नाही, आणि जहाल मिरची लालभडक असेलच असंही नाही.

व्यापारी या दोन गोष्टी दोन वेगळ्या मापांनी मोजतात. तिखटपणासाठी स्कोव्हिलचं माप, जे विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञानं १९१२ साली बसवलं. रंगासाठी 'आस्टा' हा आकडा, तो जितका मोठा तितका रंग जास्त. काश्मिरी मिरची स्कोव्हिलच्या मापात साधारण १,००० ते २,००० भरते. गुंटूरची सन्नम मिरची, जी आपल्याकडच्या बहुतेक तयार तिखटांत असते, ती ३५,००० ते ४०,००० पर्यंत जाते. रंगात मात्र गुंटूरचा आस्टा आकडा तीस-पस्तिशीत असतो आणि चांगल्या बेडगीचा दीडशेच्या आसपास. आता तुमच्या दोन चमच्यांचा हिशोब करून बघा. साध्या तिखटातून काश्मिरीच्या वीसपट झोंबणं भाजीत उतरलं आणि रंग मात्र त्या मानानं थोडाच आला. अर्धा चमचा केल्यावर झोंबणं कमी झालं, पण होता तो रंगही गेला. ते तिखट या कामाचंच नव्हतं, तुमच्या हाताचा त्यात काही दोष नाही.

बेडगी, म्हणजे कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावच्या नावाची मिरची. तिला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात दोन प्रकार येतात, कड्डी आणि डब्बी. कानडीत कड्डी म्हणजे काडी आणि डब्बी म्हणजे डबी, आपल्याच शब्दांची भावंडं. कड्डी लांब, बारीक आणि सुरकुतलेली असते. डब्बी आखूड, फुगीर, रंगाला जास्त आणि तिखटाला कमी. मिळाली तर डब्बीच घ्या. नाही मिळाली तर कड्डीनंही काम होतं. अलीकडे बेडगीच्या नावानं संकरित वाणही विकले जातात आणि त्यातले काही चांगलेच झोंबतात, म्हणून पोतं बघून भुलू नका. एक मिरची मोडून सालीचा छोटा तुकडा जिभेवर ठेवा. गोडसर, किंचित धुरकट चव आधी आली आणि तिखटपणा मागून हळू आला, तर ती तुमच्या कामाची. सुरकुत्या भरपूर, रंग गडद लाल, देठ शाबूत, आणि मोडताना कट्कन आवाज, हे बघा. वाकणारी, ओलसर मिरची घेऊ नका, तिला आतून बुरशी लागलेली असू शकते. पांढरे चट्टे असलेल्या मिरच्या बाजूला काढायला दुकानदाराला सांगा. नवं पीक जानेवारीनंतर बाजारात यायला लागतं, त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल हा वर्षाची खरेदी करायचा काळ.

'काश्मिरी' नावाच्या पाकिटाबद्दलही एक सांगते. खुद्द काश्मीरमध्ये पिकणारी मिरची देशभरच्या मागणीला पुरेल इतकी नसते. त्या नावानं मिळणाऱ्या पुड्यांमध्ये बेडगी किंवा इतर कमी तिखट मिरच्यांचं मिश्रण बऱ्याचदा असतं. त्यामुळे बेडगी वापरताना आपण काही हलकं वापरतोय असं मनात आणू नका.

आता पूड करण्याची पद्धत. पाव किलो बेडगी कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, धुऊ नका. हाताला खोबरेल तेल चोळा किंवा हातमोजे घाला आणि त्या हातानं डोळ्यांना, मुलाला अजिबात शिवू नका. देठ काढा, कात्रीनं मिरची उभी कापा, बिया झटका आणि आतली शीर चमच्याच्या टोकानं खरवडा. पहिल्या वेळी तासभर तरी लागेल. टीव्हीसमोर बसून करायचं काम आहे. नंतर साली दोन दिवस कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर जाड कढईत अगदी मंद आचेवर दोन-तीन मिनिटं फक्त कोमट करा. रंग बदलला, खाट सुटला, की समजा जास्त झालं. साल भाजली की लाल रंग तपकिरीकडे जातो आणि पुढे काही केलं तरी परत येत नाही.

साली पूर्ण गार झाल्या की मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि वास उडतो. झाकण उघडण्याआधी पाच मिनिटं थांबा, नाहीतर सगळ्या घराला ठसका लागेल. बारीक चाळणीनं चाळा, वर राहिलेला चाळ पुन्हा फिरवा. पाव किलोतून दीडशे ग्रॅमच्या आसपास पूड निघते. काचेच्या कोरड्या बरणीत भरा, वर हिंगाचा खडा ठेवा आणि बरणी अंधाऱ्या फडताळात किंवा फ्रिजमध्ये ठेवा. मिरचीच्या रंगाचा उजेड हा मोठा शत्रू आहे. ओट्यावरच्या पारदर्शक डब्यातली पूड दोन-तीन महिन्यांत विटकरी दिसायला लागते. निघालेल्या बिया मी टाकत नाही, थोड्या तेलात परतून शेंगदाण्याच्या चटणीत घालते. तुमच्या घरात ती चटणी मोठ्यांपुरतीच ठेवा.

पूड करायला वेळ नसेल तर दोन चमचे पुडीऐवजी सहा-सात बेडगी मिरच्या बिया-शिरा काढून गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा, अगदी थोड्या पाण्यात गंधासारख्या वाटा आणि गाळणीतून दाबून घ्या. खरं सांगायचं तर रस्सा किंवा ग्रेव्ही असेल तेव्हा मला हे वाटणच पुडीपेक्षा जास्त आवडतं. रंग येतो आणि अंगचा दाटपणाही येतो. कोकणात आणि गोव्यात हेच चालत आलंय. ओलं खोबरं आणि भिजवलेली बेडगी पाट्यावर वाटून बांगड्याच्या कालवणात तिरफळांसोबत घालतात, त्याचा केशरी-लाल रंग कुठल्याही पुडीनं तसा येत नाही. गोव्याच्या रेशाद मसाल्यातही मिरच्या व्हिनेगरमध्ये भिजवून वाटतात. तिथे पूड वापरली तर मसाला माशाला नीट धरत नाही.

मिरची योग्य घेतली तरी रंग फसतो तो कढईत. हे मी महागात पडून शिकले. साठ माणसांच्या एका ऑर्डरीला मी पनीर मखनी करत होते. घाईत तेल धुरावलेलं असताना त्यात पाच-सहा मोठे चमचे बेडगीची पूड टाकली. दहा सेकंदांत ती काळी पडली. वरून टोमॅटो, लोणी, साय सगळं घातलं, पण भाजी चॉकलेटी झाली आणि मागे कडवट चव राहिली. पातेलं बाजूला ठेवून सगळं नव्यानं करावं लागलं आणि जेवण पाऊण तास उशिरा वाढलं.

लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून पुडीला तेल भेटलंच पाहिजे, पण कोमट-गरम तेल, धुरावलेलं नव्हे. कांदा-टोमॅटो परतून कडेनं तेल सुटलं की आच अगदी बारीक करा, पुडीत दोन चमचे पाणी किंवा दही कालवून त्याचं गंध करा आणि ते तेल सुटलेल्या जागी घाला. ओलाव्यामुळे पूड जळत नाही आणि अर्ध्या मिनिटात तेल लाल दिसायला लागतं. मिसळीच्या वरचा कट असाच धरतात. भाजी तयार झाल्यावर रंग कमी वाटला तर वरून फोडणी द्या: दोन चमचे तूप गरम करा, गॅस बंद करा, वीस-तीस सेकंद थांबा, मग पाव चमचा पूड घालून लगेच भाजीवर ओता. बिनतेलाच्या भाजीत कितीही महाग मिरची घातलीत तरी रंग खुलणार नाही, म्हणून डाएटच्या भाजीकडून मखनीच्या रंगाची अपेक्षा ठेवू नका.

हळदीकडेही बघा. लाल हवं असेल त्या भाजीत हळद चिमूटभर किंवा अजिबात नको. तुमची भाजी पिवळट झाली त्यात हळदीचा हात नक्की असणार. कांदा गडद तांबूस केला तर रंग तपकिरीकडे झुकतो, काजू आणि साय जास्त झाली तर गुलाबीकडे.

बेडगीव्यतिरिक्त आपल्याकडे अजून काय? 'देगी मिरची' म्हणून मिळणारी पूड चालते, पण थोडी जास्त तिखट असते, म्हणून दोन चमच्यांऐवजी दीड चमचा. गुजरातेतली रेशमपट्टी रंगाला चांगली आणि तिखटाला मध्यम, तुमच्या घरासाठी ती अर्धी आणि बेडगी अर्धी अशी घ्या. तेलंगणातली वरंगळची चपाटा मिरची टोमॅटोसारखी फुगीर आणि लालबुंद असते, कमी तिखट असते, कुणी आणून दिली तर जरूर वापरा. संकेश्वरी, लवंगी, तेजा, भिवापुरी यांपैकी काहीही या कामाला नको. त्यांची जागा दुसरीकडे आहे. कोल्हापूरच्या तांबड्या रश्शात नुसती बेडगी घातली तर तो गोडसर सूप होईल, तिथे संकेश्वरीचा तिखटपणा हवाच.

मुलासाठी पावभाजी करणार असाल तर माझा आवडता उपाय ताज्या लाल ढोबळी मिरचीचा आहे. एक मोठी लाल ढोबळी गॅसवर भाजा, साल काढा, वाटा आणि भाजीत परता. तिखट शून्य, रंग छान, चव गोडसर. फक्त ती पाणी सोडते, म्हणून भाजी थोडी जास्त वेळ आटवावी लागते. टोमॅटोची घट्ट पेस्टही रंगाला मदत करते, पण आंबटपणा वाढतो, तेव्हा बाकीचे टोमॅटो कमी करा.

बीट मी सुचवणार नाही. त्याचा रंग पाण्यात उतरतो, उकळलं की मळकट होतो आणि तेलात तर येतच नाही. पावभाजीच्या लगद्यात थोडं खपून जातं, रश्शात नाही. रतनजोत वेगळी. ती एका झाडाची मुळी आहे. काडीचा बोटभर तुकडा कोमट तुपात ठेवला की तूप गडद लाल होतं, मग ते गाळून घ्यायचं. काश्मीरच्या रोगनजोशमध्ये ती वापरतात. तिथले वझवानचे, म्हणजे काश्मिरी मेजवानीचे, आचारी मवल नावाचं, कोंबड्याच्या तुऱ्यासारखं दिसणारं फूल पाण्यात उकळूनही रंग काढतात. रतनजोतीला स्वतःची चव जवळजवळ नाही, त्यामुळे मिरचीची चव तिच्याकडून मिळणार नाही. दही किंवा टोमॅटो असलेल्या पदार्थात तिचा रंग लाल राहतो, सोडा पडला तर जांभळट होतो. सासऱ्यांसाठी मिरची जवळजवळ बंद करायची असेल तेव्हा तिचा उपयोग होईल.

खायचा कृत्रिम रंग रोजच्या भाजीत घालू नका. आणि सुट्टी मिरचीपूड फार स्वस्त, फार भडक दिसली तर घेऊ नका. २००५ साली ब्रिटनमध्ये मिरचीपुडीतून आलेल्या सुदान-१ या, खाण्यासाठी नसलेल्या औद्योगिक रंगामुळे शेकडो खाद्यपदार्थ बाजारातून परत घ्यावे लागले होते. पाण्याच्या ग्लासात पूड भुरभुरली आणि रंगाचे ओघळ खाली उतरले तर पाण्यात विरघळणारा रंग मिसळलेला आहे एवढं कळतं. सुदान तेलात विरघळतो, तो या चाचणीत सापडत नाही. म्हणूनच मी अख्खी मिरची घेऊन स्वतः पूड करा असं सांगते.

आता न्यू जर्सीच्या ताईंसाठी. पहिली सूचना: तिथल्या दुकानात 'चिली पावडर' लिहिलेली बाटली घेऊ नका. अमेरिकेत त्या नावाखाली मिरचीसोबत जिरं, लसूण आणि ओरेगॅनो मिसळलेला मसाला मिळतो, तो मेक्सिकन धाटणीच्या पदार्थांसाठी. आपल्या भाजीत त्याचा वास विचित्र लागतो.

पाप्रिका चालते, पण बघून घ्या. गोड पाप्रिका, शक्यतो हंगेरीची. तिला तिखटपणा जवळजवळ नसतो, म्हणून एक चमचा काश्मिरीऐवजी पाऊण चमचा गोड पाप्रिका आणि त्यात आपलं साधं तिखट चिमूटभर, फार तर दोन चिमटी. तिच्यात साखरेचा अंश जास्त असल्यानं ती बेडगीपेक्षाही लवकर जळते, त्यामुळे पाण्यात कालवूनच घाला. चव ढोबळी मिरचीच्या अंगानं जाते. पंजाबी ग्रेव्हीत ते खपतं, आमटीत जाणवतं. स्पेनची धुरावलेली पाप्रिका ओकच्या लाकडावर वाळवलेली असते. ती पनीर टिक्क्याच्या मॅरिनेशनला आणि भरताला छान, वरणाच्या फोडणीत अजिबात नको.

पाप्रिकापेक्षा मला दोन पर्याय जास्त जवळचे वाटतात. मेक्सिकन दुकानात मिळणारी ग्वाहियो मिरची लांब, गुळगुळीत, गडद लाल आणि सौम्य असते, किंचित आंबटसर. बिया-शिरा काढून भिजवा आणि बेडगीसारखंच वाटण करा. तिची साल जाड असते, त्यामुळे गाळायला विसरू नका. दुसरा पर्याय कोरियन दुकानातलं गोचुगारू. ही बिया काढून वाळवलेल्या मिरचीची भरड असते, रंग सुरेख आणि चव फळासारखी गोडसर. मिक्सरमधून बारीक करून घेतली की बेडगीच्या खूपच जवळ जाते. पाकिटं कमी-जास्त तिखट असतात, म्हणून आधी चाखा. आणि त्यांच्या जवळपास भारतीय दुकान असेलच, तर तिथे अख्खी बेडगी मागून बघावी.

ताई, तुमच्या पुढच्या मखनीसाठी चार माणसांचं माप देते. दोन चमचे बेडगीची पूड, दोन चमचे दह्यात कालवलेली. टोमॅटो चार, काजू दहा-बारा, हळद नाही, गरम मसाला पाव चमचा. लोणी आणि तेल मिळून तीन मोठे चमचे, टोमॅटोचा लगदा तेल सुटेपर्यंत परता, आच बारीक करा, मग मिरचीचं गंध. पनीर घालण्याआधी एक चमचा रस्सा बशीत काढून मुलाला चाखायला द्या. त्याला झोंबलं तर दोन चमचे साय किंवा काजूची पेस्ट वाढवा, दुधातल्या प्रथिनांमुळे आणि स्निग्धतेमुळे झोंबणं कमी होतं. पाणी ओतून ते कमी होत नाही. सासऱ्यांचा वाटा मिरचीचं गंध घालण्याआधीच वेगळा काढा, आणि पित्त वाढलेलं असेल त्या दिवशी त्यांच्या वाट्यात मिरचीऐवजी रतनजोतीचं गाळलेलं तूप घाला.